घरातली सगळ्यात स्वच्छ जागा

अकोला, २१ जुलै २०२५

चि. पौर्णिमा,

आशीर्वाद नेहमीचेच, या वेळी वरून थोडे जास्त, कारण काम आहे.

हे पत्र एसटीने येणाऱ्या डब्यासोबत तुला मिळेल. कंडक्टर ओळखीचा आहे, अमरावतीच्या स्टँडवर उतरवून घे. फोन केला नाही, कारण फोनवर तू माझं पहिलं वाक्य संपायच्या आत हसायला लागतेस. शिवाय त्या लेन्स धुवायच्या खोलीत शिरलीस की फोन बाहेर ठेवून जातेस. पत्रात मधे तोंड घालता येत नाही. आपल्या घराण्यात ही सोय दुसरीकडे कुठे नाही.

डब्यात आपल्या लेझर मशीनची काच आहे. तू शिकवलेलं पाठ आहे मला: लेझर या गोल काचेतून खाली पत्र्यावर उतरतो, ठिणग्या उडतात त्या ही काच अंगावर घेते आणि वरची महागाची लेन्स वाचते. पण पोरी, अंगावर घ्यायची म्हणजे किती? अक्षय्य तृतीयेला मशीन आली, तू नारळ फोडायला होतीस. तेव्हापासून काचा अशा जातात जशा माझ्या पानाच्या डब्यातल्या सुपाऱ्या. काच डागाळली की कट खरबरीत येतो. पेरणीयंत्राच्या प्लेटांना खालून बर, म्हणजे धातूची खरबरीत कड, राहते आणि गिऱ्हाईक बोट फिरवून माझ्याकडे बघतं.

अपेक्षा मशीन चांगली चालवते. दर्यापूरकडची, आयटीआय झालेली, इथे खोली करून राहते. एमआयडीसीतल्या आमच्या शेडच्या अख्ख्या लाइनीत मशीनवर उभी राहणारी ती एकटीच मुलगी. तरी काच पुसायचं काम मी तिच्यावर सोडलेलं नाही, स्वतः करतो. आणि बाजारच्या चिंध्यांनी नाही. आपल्या वावरातला कापूस, तुझ्या मामीने हाताने सरकी काढलेला. याहून मऊ काही तुझ्या त्या खोलीत असेल तर दाखव.

काच साफ करून पाठव.

तुझा मामा,
जानराव

अमरावती, २४ जुलै २०२५

मामा, नमस्कार. मामींना वेगळा, तुमच्यातला अर्धा नको.

मी हसले. पत्रातही हसता येतं, तुम्हाला दिसत नाही एवढंच.

कापसाने! मामा, तो कापूस गादीत भरा, वाती करा, कानात घाला. काचेला लावू नका. त्यात वावरातली माती असते, सरकीचे कण असतात. सूक्ष्मदर्शकाखाली तुमच्या काचेवर बैलगाडीच्या चाकोऱ्या उमटल्यासारखं दिसतंय. त्या ओरखड्यांत लेझर अडतो, काच तापते आणि मधोमध जळते. ही काच आता गेली. तिला तुमच्या टेबलावर पेपर दाबायला ठेवा.

सोबत साफ केलेल्या काचा पाठवते आहे, प्रत्येक आपापल्या डबीत. पुसायच्या काड्या आणि अल्कोहोलची बाटलीही आहे. पंखा बंद करायचा, बोटांना रबराच्या टोप्या घालायच्या, काच कडेने धरायची. काडी मधून बाहेर गोल फिरवत न्यायची आणि फेकून द्यायची, तीच काडी परत नाही. तोंडाने फुंकर अजिबात नाही, फुंकरीत तुमचं पान असतं. नंतर टॉर्च तिरपी धरून बघायचं. हे काम अपेक्षाला करू द्या. मशीन बसवली त्या दिवशी मी तिचा हात पाहिला आहे, स्थिर आहे.

आणि महत्त्वाचं: डब्या शेडमध्ये ठेवू नका, तिथे लोखंडाची धूळ उडते. घरी ठेवा. घरातल्या सगळ्यात स्वच्छ जागी, जिथे कोणी उष्ट्या-खरकट्या हाताने शिवणार नाही. लागेल तशी एकेक घेऊन जा.

तुमची,
पौर्णिमा

अकोला, ५ ऑगस्ट २०२५

चि. पौर्णिमा,

तू सांगितलंस ते सगळं केलं. कापूस मामीला परत केला, तिला आनंदच झाला. डब्या घरातल्या अशा जागी ठेवल्या आहेत की तिथे मलाही आंघोळ केल्याशिवाय हात घालायची परवानगी नाही. याहून स्वच्छ जागा अकोला जिल्ह्यात निघायची नाही.

तरी काचा जातातच. आधी ओरखडे होते, आता मधोमध काळा ठिपका पडतो. दोन पाठवल्या आहेत, बघ.

मग राहिलं कोण? मशीन तीच, काच तुझी, जागा माझी. राहिली अपेक्षा. ती डबा शेडमध्येच खाते आणि तिच्या डब्यात ठेचा असतो, तेल वर तरंगणारा. मी तिला विचारलं, तर मला म्हणते, काका, काच डबीतूनच धुरकट निघते. म्हणजे बोट कुणावर ठेवलं? तुझ्यावर! माझी भाची धुरकट काच पाठवते म्हणे. डबीतून काढल्यावर पुन्हा पुसू का, असंही विचारत होती. मी म्हटलं, धुतलेलं कोणी परत धुतं का, बाटली उगाच संपवू नको.

समोरच्या शेडमधल्या हुसेनभाईंनी विचारलं की आज मशीन बंद कशी, तर सांगून टाकलं की आमच्या पोरीचा हात स्वच्छ नाही. बाजूच्या दोघांनाही सांगितलं. मनात ठेवून आजार कशाला वाढवायचा.

श्रावण चालू आहे, त्यामुळे मामी घरात कमी आणि पूजेत जास्त असते. बाकी क्षेम.

मामा

अमरावती, ८ ऑगस्ट २०२५

मामा,

आधी एक गोष्ट. माझ्याकडून धुरकट काच जात नाही. अकोला, यवतमाळ, खामगावपर्यंतच्या मशीनच्या काचा मी साफ करते आणि आजवर कोणी असं म्हटलेलं नाही. अपेक्षाला तेवढं कळवा.

तुमच्या दोन्ही काचांवर तेलकट थर आहे हे नक्की. पातळ, पिवळसर, बोटाला चिकटेल असा. लेझरने तो जाळला आणि ठिपका पडला. मला वाटतं, कॉम्प्रेसरच्या हवेतून तेल येतंय. पावसाळ्यात हे होतं. कॉम्प्रेसरचं पाणी काढा, फिल्टर बदला, मग बघू. तोपर्यंत त्या मुलीचं नाव लाइनीत घेत फिरू नका. तिथे एकदा हात खराब म्हणून शिक्का बसला की तिला दुसरीकडे कोणी मशीनला हात लावू देणार नाही.

नव्या काचा पाठवते आहे. या खेपेला कडेला पेनाने तारीख टाकली आहे.

पौर्णिमा

अकोला, १९ ऑगस्ट २०२५

चि. पौर्णिमा,

कॉम्प्रेसरचा फिल्टर बदलला. फरक शून्य. तू स्वतः लिहिलं आहेस की थर तेलकट आहे हे नक्की. तेलकट म्हटल्यावर मला आणखी काय पुरावा पाहिजे होता? पत्र पोचलं त्याच दिवशी मी अपेक्षाला सांगितलं की उद्यापासून येऊ नको.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने रबराच्या टोप्या बोटांवरून काढल्या, माझ्या टेबलावर ठेवल्या आणि दोन्ही पंजे माझ्यापुढे पालथे-उताणे करून दाखवले. म्हणाली, "काका, पाहून घ्या. माह्या हाताले तेल नाई." आणि गेली. खोलीही सोडली म्हणे, गावी गेली.

तेव्हापासून तुझ्या मामीच्या तोंडाला कुलूप आहे. वरण वाढते पण मीठ विचारत नाही. बायकांचं बायकांना लागतं, असं मी समजून घेतो.

मशीन आता मीच चालवतो. ठीक चाललं आहे. सोबत दोन काचा आहेत, त्या अपेक्षाच्या वेळच्याच आहेत, पाठवायच्या राहून गेल्या होत्या. नवीन काही झालेलं नाही.

मामा

अमरावती, २२ ऑगस्ट २०२५

मामा,

मी तारीख टाकली होती हे तुम्ही विसरलात. या दोन्ही काचांच्या कडेला ८ ऑगस्ट आहे. माझं पत्र आणि या काचा एकाच डब्यातून गेल्या आणि पत्र पोचलं त्याच दिवशी तुम्ही अपेक्षाला काढलंत. म्हणजे या काचा तिने बसवल्याच नाहीत. तुम्ही बसवल्यात, तुमच्या हाताने, आणि जळाल्या. थर तोच, पिवळसर, चिकट. तुम्हीही ठेचा खायला लागलात का?

रागावून लिहिते आहे, पण अर्धा राग माझ्यावर आहे. ती मुलगी साधं सरळ सांगत होती की काच डबीतूनच धुरकट निघते. तुम्ही ते माझ्यावर ढकललंत आणि मला ते लागलं. लागलं म्हणून मी तपासलं नाही. लगेच कॉम्प्रेसरवर बोट ठेवून मोकळी झाले. आणि ते "तेलकट हे नक्की" असं वाक्य लिहायची मला काय घाई झाली होती कोण जाणे. तिची नोकरी तुम्ही घालवलीत, मीही घालवली.

आता दोन गोष्टी करा. एक न वापरलेली डबी जशीच्या तशी मला पाठवा, आत डोकावूही नका. आणि डब्या घरात नक्की कुठे ठेवता ते सरळ लिहा. अकोला जिल्ह्यातली ती स्वच्छ जागा कोणती?

पौर्णिमा

अकोला, २५ ऑगस्ट २०२५

पौर्णिमा बेटा,

मी मामी. तुझं पत्र वाचून तुझे मामा पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजले आहेत, म्हणून मीच लिहिते. मला तुमच्यासारखं गोल गोल लिहिता येत नाही, समजून घे.

डब्या देवघरात आहेत. बाळकृष्णाच्या डाव्या हाताला. तू लिहिलं होतंस ना, स्वच्छ जागा, उष्टा हात लागू नये. घरात अशी जागा दुसरी कोणती आहे? ह्यांनी आणून ठेवल्या तेव्हा मलाही पटलं. मशीन घराला लक्ष्मीसारखी आली, तिचा डोळा देवाजवळ असलेला बरा.

आता खरं सांगते. श्रावण लागल्यापासून मी दोन्ही वेळ तुपाचा दिवा, ऊद आणि धूप लावते. आणि आरतीच्या वेळी त्या डब्यांची झाकणं काढते. बंद डबीला ओवाळून काय उपयोग, असं मला वाटलं. धूप चांगला आतपर्यंत फिरवते. हळद-कुंकू मात्र काचेला लावलेलं नाही, तेवढं मला कळतं.

तुझं पत्र ऐकलं आणि मी आत गेले, एक काच काढून नाकाशी धरली. देवघराचाच वास. बोट फिरवलं तर आपल्या देवघराच्या छतावर जसा चिकटा धरतो तसाच. न वापरलेली डबी मागितलीस ती सोबत आहे, पण तुला ती बघायचीही गरज पडणार नाही.

बेटा, मला रात्रीपासून घास उतरत नाही. मी त्या पोरीच्या बाजूने अबोला धरून बसले होते, आणि धूर माझाच निघाला. तिने पंजे दाखवले म्हणतात, त्या वेळी मी तिथे असते तर त्या पंजांना कुंकू लावलं असतं. तिला परत आणायचं कसं ते सांग. हे म्हणतात, फोन उचलत नाही.

तुझी मामी,
मैनाबाई

अमरावती, २८ ऑगस्ट २०२५

मामी, नमस्कार. मामा, तुम्हीही पलंगावरून उठा आणि वाचा.

डबी उघडली आणि माझ्या खोलीत बाळकृष्ण प्रगटले. हसू आवरेना, मग एकदम रडूच आलं. मामी, तुमचं काही चुकलं नाही. डबी बंद ठेवा असं मी लिहायला हवं होतं. कोणी उघडून ओवाळेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आता डब्या लोखंडी कपाटात साड्यांच्या मागे जाऊ द्या आणि झाकणं बंद राहू द्या. देव कपाटातही बघतो.

अपेक्षाने माझा फोन घेतला. घरी आहे. गावात सगळ्यांना कळलं आहे की काढून टाकली. भाऊ म्हणतो, पोरीने मशीन चालवायची म्हणजे हेच व्हायचं, आणि घरच्यांनी तिच्यासाठी स्थळं बघायला काढली आहेत. मी तिला धुपाची सगळी गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं की ती हसेल. ती हसली नाही. मी विचारलं, मामा बोलावतात, येशील का परत? तर म्हणाली, "नोकरीचं मंग पाहू, ताई. काकायनं लाइनीत जे सांगतलं, थे पयले वापस घ्याले सांगा. थ्या लाइनीत माह्यं नाव खराब हाये."

मामा, तिला पगारवाढ नको आहे, माफीसुद्धा मागितलेली नाही. तिला तिचं नाव पाहिजे. ते फोनवरून परत करता येत नाही, दारोदार जाऊनच द्यावं लागेल.

पौर्णिमा

अकोला, १५ सप्टेंबर २०२५

चि. पौर्णिमा,

महालक्ष्म्या आटोपल्या आणि मी निघालो. एकटाच जाणार होतो. तुझ्या मामीने चप्पल घातली. म्हणाली, तुम्ही एकटे गेलात तर हवामानावर बोलून परत याल.

तिने मला बरोबर ओळखलं आहे. पहिल्या शेडमध्ये मी सुरुवात केली की यंदा दमट हवा फार, त्यात काचेचं काही सांगता येत नाही, तर तिने माझा हात दाबला. दुसऱ्या शेडमध्ये जरा पुढे गेलो, पण धुपाचं नाव काही तोंडातून निघेना. लोक काय हसतील, हेच डोक्यात. तेवढ्यात समोरून हुसेनभाई आले. त्यांनी विचारलं, जानरावभाऊ, पोरगी काहून काढली म्हणे? मी घसा खाकरला. आणि माझ्या आधी तुझी मामी बोलली, सगळी लाइन ऐकेल अशा आवाजात. "धूर माह्या देवघरातला व्हता, भाऊ. पोरीचे हात साफ हायेत. यायनं उगाच तिच्या नावावर बिल फाडलं."

सगळे हसले, हे खरं. अजून हसतात. मी शेडचं शटर उघडलं की कोणी ना कोणी विचारतं, आज आरती झाली का. पण त्यानंतर माझी भीड चेपली. उरलेल्या प्रत्येक शेडमध्ये मी स्वतः बोललो. नुसतं हात साफ आहेत म्हणून थांबलो नाही. ती प्लेट कशी कापते, पत्रा कसा वाया जाऊ देत नाही, काच धुरकट आहे हे टॉर्च लावल्याबरोबर तिने कसं ओळखलं आणि आम्ही दोघे शहाणे कसे ऐकायला तयार नव्हतो, सगळं सांगितलं. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की हे मी तिला एकदाही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामी आणि मी दर्यापूरची बस धरली. अपेक्षाच्या घरी सगळ्यांसमोर बोललो, भावासमोरही. चहा झाला. मामीने तिचे हात हातात घेतले आणि सोडलेच नाहीत. मी म्हटलं, बेटा, चल आता. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. आदल्या संध्याकाळी हुसेनभाईंचा फोन येऊन गेला होता. त्यांच्याकडे दोन मशिनी आहेत, दोन्ही तिच्या हाताखाली द्यायला तयार आहेत. मी लाइनीत तिची एवढी तारीफ केली की हुसेनभाईंना रात्रीपर्यंतही दम निघेना.

मला म्हणाली, काका, तुम्हीच सांगा, कुठे जाऊ. खोचून नाही विचारलं, मनापासून विचारलं. सगळं घर माझ्याकडे बघत होतं. पौर्णिमा, जीभ सारखी "आपल्याकडे" म्हणायला धावत होती. मी म्हटलं, "हुसेनभाईकडं दोन मशिना हायेत. तिकडं जाय." तिच्या भावाने आत जाऊन स्थळांच्या फोटोंचं पाकीट उचलून ठेवलं. बसमध्ये तुझ्या मामीने मला खिडकीची जागा दिली.

सोमवारपासून ती समोरच्या शेडमध्ये जाते. आपल्याकडे मशीन मी चालवतो आणि कपाटातून काच मामी काढून देते, बोटांना टोप्या घालून. पहिल्याच दिवशी अपेक्षा जाता जाता आत आली. मला न विचारता मशीनचा कप्पा ओढला, टॉर्च तिरपी धरून काच बघितली आणि "ठीक हाये" म्हणून निघाली. मी विचारलं, रोज येत जाशील का बेटा? म्हणाली, रोज कशाला, काचेवर डाग दिसला की आवाज द्या.

आज आठवडा झाला. काच अगदी स्वच्छ आहे. रोज सकाळी कप्पा ओढतो, टॉर्च धरतो, कुठे डाग दिसतो का बघतो, आणि नाही दिसला की वाईट वाटतं.

मामा